प्लगच्या वायरी बदलल्या आणि गाडीची ओढ गेली

वाचकांचे प्रश्न, गाडीची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. गाडीच्या प्लगच्या वायरी नव्या टाकल्या आणि त्यानंतर गाडी सुधारण्याऐवजी बिघडली, अशी या तिन्ही वाचकांची तक्रार आहे. पहिल्या पत्रात माहिती नेमकी दिलेली असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे. बाकीच्या दोन वाचकांनीही ते आधी वाचावे, कारण त्यातल्या काही गोष्टी खाली पुन्हा सांगितलेल्या नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती वडिलांनी घेतली होती आणि आता तिची देखभाल मी स्वतः करतो. प्लगच्या जुन्या वायरी कडक होऊन त्यांना भेगा पडल्या होत्या, म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी मी चारही वायरी आणि कॉईलची मधली वायर घरीच बदलली. जुन्या वायरींच्या आत तांब्याची तार होती. नव्या वायरी कार्बनच्या आहेत. गाडी लगेच सुरू होते, उभी असताना किंचित थरथरते आणि सपाट रस्त्यावर ठीक चालते. परंतु आंबा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आचके देते, ओढत नाही, आणि मधूनच सायलेंसरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. पूर्वी लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी आता ९ च्या पुढे जात नाही. गॅरेजवाले म्हणतात की कार्बोरेटर उघडावा लागेल आणि कॉईलही बदलावी लागेल. हा खर्च करावा का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : हा खर्च आपण तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शनिवारपर्यंत नीट ओढणारी गाडी रविवारी वायरी बदलल्यानंतर ओढेनाशी झाली, आणि त्या दिवशी आपण कार्बोरेटरला हातही लावला नव्हता. कार्बोरेटरमध्ये कचरा येणे किंवा कॉईल (ठिणगीसाठी बॅटरीच्या विजेचे व्होल्टेज वाढवणारा भाग) निकामी होणे नेमके त्याच दिवशी घडू शकते, हे खरे. तरीसुद्धा त्या दिवशी आपला हात ज्या ज्या ठिकाणी गेला ती प्रत्येक जागा पुन्हा तपासून होईपर्यंत एकही नवा सुटा भाग विकत घेऊ नये. पैसे वाचतात हा त्याचा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की, चार भाग एकदम बदलले तर गाडी सुधारल्यावरही नेमका दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

अशा तक्रारीत सर्वात आधी शंका येते ती वायरींची अदलाबदल झाल्याची. पद्मिनीच्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि रेडिएटरच्या बाजूचे सिलिंडर हे पहिले. समजा, आपण १ आणि २ क्रमांकाच्या वायरी उलटसुलट बसवल्या. या क्रमात २ नंतर लगेच १ ची पाळी येते. २ ची ठिणगी पडण्याच्या क्षणी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या (पिस्टन) अगदी तळाशी असतो, त्याने पेट्रोल-हवेचे मिश्रण नुकतेच आत ओढलेले असते आणि इनलेट व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो. तेव्हा तिथे ठिणगी पडली तर ज्योत उलट्या वाटेने मागे धावते आणि कार्बोरेटरमधून भडका उठतो. याला गॅरेजमध्ये ‘बॅक मारणे’ म्हणतात. दुसऱ्या सिलिंडरचे याच्या उलट होते. त्याला ठिणगी मिळते तेव्हा त्याचा कामाचा फेरा संपून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडलेला असतो, त्यामुळे आतले न जळलेले मिश्रण बाहेर जाता जाता पेटते आणि सायलेंसरमध्ये धडाका होतो. अशा स्थितीत चारपैकी दोनच सिलिंडर काम करतात, गाडी उभ्या जागी हादरते आणि अंगणातून बाहेर पडणेही कठीण होते. आपली गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालते आणि कार्बोरेटरमधून भडका उठल्याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. त्यामुळे अदलाबदल झालेली नाही असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो.

तरीही एकदा खात्री करून घ्यावी, कारण त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे कॉईलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या आणि आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्या भागाचे, झाकण (कॅप) काढावे आणि दुसऱ्या कोणाला तरी क्षणभर स्टार्टर मारायला सांगून रोटर, म्हणजे आतला फिरणारा तुकडा, कोणत्या दिशेने फिरतो ते डोळ्यांनी पाहावे. रोटरची दिशा एखाद्या पुस्तकातल्या आकृतीवरून किंवा आठवणीवरून ठरवू नये. मग झाकण लावून, पहिल्या सिलिंडरच्या वायरीपासून सुरुवात करून, त्याच दिशेने १-३-४-२ असे मोजत जावे. पुढच्या वेळी वायरी बदलताना चारही एकदम काढू नयेत. एक काढावी, तेवढ्याच लांबीची नवी तिच्या जागी बसवावी आणि मगच दुसरीला हात लावावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

आता आपल्या गाडीच्या खऱ्या लक्षणाकडे येऊ. उभी असताना किंचित थरथर आणि घाटात आचके, ही जोडी फार बोलकी आहे. प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडायला ठिणगीला किती दाबाची वीज लागेल, हे त्या फटीतल्या हवेच्या दाबावर अवलंबून असते. गाडी उभी असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडर अर्धामुर्धा भरतो आणि थोड्या व्होल्टेजवरही ठिणगी पडते. घाटात पाय दाबला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाबला गेल्यावर आतील दाब कितीतरी वाढतो आणि तीच फट ओलांडायला पुष्कळ जास्त व्होल्टेज लागते. वायरीच्या वाटेत कुठे ढिला सांधा असेल, तर तिथेही विजेला एक जादा उडी मारावी लागते. इन्सुलेशन कुठे कच्चे असेल, तर तिला प्लगपेक्षा तो मार्ग सोपा वाटतो. बागेतल्या रबरी नळीचा सांधा पाणी हळू सोडले असता गळत नाही, आणि तोंडावर बोट ठेवून दाब वाढवला की तिथूनच फवारा उडतो, तसाच हा प्रकार आहे. ठिणगी न पडलेल्या सिलिंडरमधले मिश्रण तसेच सायलेंसरमध्ये जाते आणि शेजारच्या सिलिंडरच्या गरम धुरामुळे तिथे पेटते. आपल्याला ऐकू येणारा ‘फट्’ हा आवाज त्याचाच असावा. त्या सिलिंडरचे पेट्रोल वाया जाते आणि ओढ भरून काढण्यासाठी आपण पाय आणखी दाबता, हे लक्षात घेतले की १२ चे ९ कसे झाले याचाही उलगडा होतो.

तेव्हा आधी कोणते सिलिंडर दगा देते ते शोधावे. यासाठी मी अनेक वर्षे वापरत आलेली एक साधी पद्धत अशी आहे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करावे, मिनिटभरात बोटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर सायलेंसरकडे नेणाऱ्या फाटे फुटलेल्या पाइपच्या) प्रत्येक शाखेवर, प्लगपासून दूर, पाण्याचे दोन-दोन थेंब शिंपडावेत. जे सिलिंडर नीट जळते त्याच्या शाखेवर थेंब चुरचुरून उडून जातात, आणि जिथे ते नुसते ओघळतात ते सिलिंडर आळशी समजावे. चालत्या इंजिनाची एकेक वायर उपसून आवाजातला फरक ऐकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, पण ती घरी करू नये असे मी सुचवेन. पॉइंटवर (कॉईलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) चालणाऱ्या जुन्या कॉईलमधूनही १५ ते २० हजार व्होल्टचा झटका बसतो, आणि त्या झटक्यापेक्षा दचकून हात पंख्यात जाण्याचा धोका अधिक असतो. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तर चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरींजवळ जाऊच नये.

दोषी सिलिंडर सापडले की इंजिन बंद करून त्याची वायर दोन्ही टोकांनी तपासावी. प्लगच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटे नट असते, ते आटे फिरवून काढता येते. काही वायरींची टोपी त्या नटावर बसते, तर काहींची नुसत्या आट्यांवर. नट ढिले राहिले असेल, किंवा आपल्या नव्या वायरीला ते हवे असताना ते काढलेले असेल, तर टोपी वरून घट्ट दिसते आणि आत धातूला धातू टेकलेला नसतो. टोपी बसवताना ‘टिक्’ असा बारीक आवाज यायला हवा आणि बोटांना तो जाणवायलाही हवा. नव्या रबरी टोप्या इतक्या हवाबंद असतात की आत कोंडलेली हवा टोपीला हळूच परत वर ढकलते. म्हणून टोपीच्या रबराच्या आतल्या काठाला सिलिकॉन ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवावे, ते धातूच्या टोकाला लावू नये, आणि टोपी दाबून धरून किंचित फिरवावी. हेच कॅपच्या बाजूच्या टोकालाही करावे. कॉईलच्या मधल्या वायरीकडे दुर्लक्ष करू नये. तिच्यातला दोष चारही सिलिंडरांना सारखा भोवतो, त्यामुळे पाण्याच्या थेंबांच्या पद्धतीत एकच सिलिंडर दोषी असे काही आढळले नाही, तर आधी तिच्यावर संशय घ्यावा.

आपल्या पत्रातील एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. जुन्या वायरी तांब्याच्या होत्या आणि नव्या कार्बनच्या आहेत, असे आपण लिहिले आहे. कार्बनच्या वायरीमुळे करंट कमी होतो आणि म्हणून गाडी ओढत नाही, असे पुष्कळजण सांगतात. ते बरोबर नाही. प्लगमधून जाणारा प्रवाह इतका अल्प असतो की चांगल्या कार्बन वायरीच्या काही हजार ओहम रोधाने ठिणगीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. अडचण असते ती टोकाशी. काही जुन्या कॅपमध्ये वायर भोकात नुसती खुपसून आतल्या टोकदार स्क्रूवर दाबून बसवतात. तांब्याच्या तारांच्या जुडग्यात तो स्क्रू छान रुततो. कार्बनच्या वायरीत मात्र काचतंतूंचा कार्बन लावलेला पीळ असतो. त्यात स्क्रू घुसला की तो पीळ तुटतो किंवा बाजूला सरकतो, सांध्यात बारीक ठिणगी सुरू होते आणि कार्बन हळूहळू जळत जातो. काही दिवस गाडी ठीक चालते आणि पुढे घाटात आचके सुरू होतात. आपण नवी वायर लांबी जुळवण्यासाठी कापून तशा कॅपमध्ये बसवली असेल, तर माझ्या मते दोष इथेच निघेल. अशा कॅपला तांब्याचीच वायर वापरावी आणि रेडिओची खरखर कमी करण्यासाठी रोध असलेली प्लगची टोपी घ्यावी. आपली कॅप वायरीच्या पितळी टोकासाठी केलेली असेल, तर कारखान्यातून टोके बसवून आलेला पूर्ण संच घ्यावा आणि तो कापू नये.

कोल्हापूरच्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये अगदी अशाच तक्रारीची एक पद्मिनी मी पाहिली आहे. मालकाने कॉईल, कंडेन्सर, पॉइंट आणि प्लग असे सारे बदलून झाले होते. आम्ही कॅपमधून तिसऱ्या सिलिंडरची वायर उपसली, तेव्हा तिच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा एक खड्डा पडलेला होता आणि बोट फिरवताच काजळीसारखी काळी भुकटी हाताला लागली. त्या खड्ड्याशिवाय गाडीत दुसरा कोणताही दोष नव्हता.

वायरीचा रोध मोजायचा असल्यास मल्टिमीटर २०० किलोओहमच्या खुणेवर ठेवून वायरीची दोन टोके मोजावीत. बहुतेक कार्बन वायरींचा रोध लांबीनुसार काही हजार ओहम येतो, आणि लांब वायरीचा आखूड वायरीपेक्षा त्या प्रमाणात जास्त असतो. आकडा किती आला यापेक्षा चारही वायरींचे आकडे त्यांच्या लांबीशी जुळतात का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मोजत असताना वायर हलवावी, टोपीजवळ वाकवावी. आकडा उड्या मारू लागला किंवा नाहीसा झाला तर आतला पीळ तुटलेला आहे. नवी वायर टोपीला न धरता मधूनच धरून ओढली की हे हमखास होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मल्टिमीटर इन्सुलेशनची गळती मात्र दाखवू शकत नाही, कारण तो काही व्होल्टवरच मोजतो. त्यासाठी अमावास्येच्या आसपास, अंगणातला दिवा मालवून, बॉनेट उघडून इंजिन सुरू करावे आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. कच्च्या जागी निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. चालत्या पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून वायरी दूर आहेत ना, त्या एकमेकींना लगडून तर बांधलेल्या नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे. शेजारी समांतर बांधलेल्या दोन वायरींमध्ये एकीची ठिणगी दुसरीत उतरू शकते.

प्लगही काढून पाहावेत. आपण प्लग बदलले नाहीत, तरी कडक झालेली जुनी टोपी तिरकी ओढून काढताना प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा जाऊ शकतो. त्या तड्यावरून वीज उतरू लागली की तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ उमटते. पांढऱ्या चिनी मातीवर तशी रेघ दिसली तर तो प्लग पुसून परत बसवू नये, टाकून द्यावा.

इथपर्यंत काहीच सापडले नाही तर मग वायरींच्या आसपास काय हलले ते पाहावे. झाकणाच्या दोन्ही क्लिपा बसल्या आहेत का, कॅपच्या मधोमध असलेला स्प्रिंगचा कार्बन जागेवर आहे का, पॉइंटकडे जाणारी बारीक वायर ढिली तर नाही, आणि आपल्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची डबी असल्यास तिची रबरी नळी निघालेली तर नाही, हे सर्व तपासावे. वायरी उपसताना डेल्को धरून जोर लावला असेल आणि त्याखालचा बोल्ट ढिला असेल, तर तो काही अंशांनी फिरून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलेले असू शकते. टायमिंग मागे गेले की गाडीची ओढ जाते आणि पेट्रोलची सरासरीही घसरते. मात्र तेव्हा आचके न बसता सगळी गाडीच सुस्त वाटते, आणि आपली तक्रार तशी नाही. म्हणून हे मी शेवटी ठेवले आहे.

या सर्व तपासणीला एक सकाळ पुरावी. तिच्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, तर मात्र गॅरेजवाल्यांचे ऐकून कॉईल तपासून घ्यावी. तीही आधी कुणाची तरी चालू स्थितीतली कॉईल उसनी लावून घाट चढून पाहावे आणि फरक पडला तरच नवी घ्यावी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्यापासून या गाडीची देखभाल आपल्यासारख्या घरोघरच्या मालकांच्याच हाती उरली आहे, म्हणून इतके विस्ताराने लिहिले.

प्रश्न : माझी मारुती ओम्नी आहे. मे महिन्यात प्लगच्या तिन्ही वायरी बदलल्या, तेव्हा गाडी उत्तम चालली. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि पहिली पाच-सात मिनिटे मिस मारते; ऊन पडले की तक्रार राहत नाही. वायरी उलटसुलट लागल्या असतील का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. ओम्नीच्या ७९६ सीसीच्या इंजिनाला तीनच सिलिंडर आहेत आणि ठिणगीचा क्रम १-३-२ आहे. तीनपैकी दोन वायरी उलटल्या की एकच सिलिंडर वेळेवर पेटते, आणि एका सिलिंडरवर ओम्नी सुरू होणेच जवळजवळ अशक्य आहे. शिवाय महिनाभर गाडी उत्तम चालली हा आणखी मोठा पुरावा आहे.

दोष ओलाव्याचा आहे, आणि तो वायरींपेक्षा कॅपमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे, कारण आपण वायरी नव्या घेतल्या पण कॅप जुनीच ठेवली. रात्री कॅपच्या आत बाष्प साचते आणि आतल्या धुळीवर त्याचा ओला थर तयार होतो. त्यावरून वीज एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकते, आणि पाच-सात मिनिटांत इंजिनाच्या उष्णतेने थर वाळला की गाडी सुधारते. कॅप काढून ती कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसावी आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहावी. पितळी टोकांच्या मध्ये झाडाच्या मुळासारख्या फांद्या फुटलेली काळी रेघ दिसली, तर ती कार्बनची वाट आहे. ती खरडून जात नाही, कॅप बदलावीच लागते. सोबत रोटरही बदलावा.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे रस्त्यावरचे पाणी खालून त्याच्यावर सहज उडते. म्हणून वायरी बसवताना प्रत्येक वायरीला मधे किंचित झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावर आलेले पाणी टोपीकडे न ओघळता त्या खालच्या बिंदूतून गळून जाते. कॅपवरील रबरी टोप्या पूर्ण खाली सरकलेल्या आहेत का, तेही पाहावे. कॅपभोवती प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा उपाय कोकणात सर्रास केला जातो. तो कृपया करू नये. पिशवीत ओलावा अडकून राहतो, आणि ती सुटून सायलेंसरच्या पाइपवर पडली तर पेटूही शकते. इंजिन बंद आणि थंड असताना ओलावा घालवणारा स्प्रे मारून तो पूर्ण वाळू द्यावा. पेट्रोलने कॅप धुऊन लगेच स्टार्टर मारणे तर कधीही नको.

प्रश्न : माझी २०१४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. तिला डिस्ट्रिब्युटर नाही. एका कॉईलच्या डबीतून चार वायरी प्लगकडे जातात. वायरींचा नवा संच टाकल्यावर आठवड्याभरात इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०३०२ आणि पी ०३०३ असे कोड आले. कॉईलची पूर्ण डबी बदलावी लागेल असे सांगण्यात आले आहे. ती बरीच महाग आहे. दुसरा काही उपाय आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उपाय आहे, आणि आपण दिलेल्या कोडमध्येच त्याची दिशा आहे. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये आणि पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे. अशा गाड्यांमध्ये त्या डबीत प्रत्यक्षात दोन कॉईल असतात. एक कॉईल १ आणि ४ या सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते आणि दुसरी २ आणि ३ यांना. जोडीतले एक सिलिंडर मिश्रण दाबत असते, तर दुसरे धूर बाहेर टाकत असते, त्यामुळे दुसरी ठिणगी वाया जाते आणि कोणाला त्रास होत नाही. या रचनेत १ आणि ४ च्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या तरी गाडी पूर्ववत चालते. १ आणि २ च्या लावल्या तर ती ताबडतोब हादरते.

आता लक्षात घ्यावे की जोडीतले दोन प्लग आणि त्यांच्या दोन वायरी मिळून विजेची एकच वाट तयार होते. वीज एका प्लगमधून इंजिनाच्या धातूत उतरते आणि दुसऱ्या प्लगमधून परत येते. म्हणून २ किंवा ३ यांपैकी एकाच वायरीत तूट असली तरी दोन्ही सिलिंडर दगा देऊ शकतात, आणि स्कॅनरवर दोन्ही कोड दिसल्यामुळे कॉईलच गेली असे वाटते. कॉईल गेलेली असणे अशक्य नाही. परंतु वायरी बदलल्यानंतर आठवड्याभरात कोड आलेले असताना आधी वायरींवर संशय घेणेच योग्य. लांबी पुरत असेल तर ४ ची वायर दोन्ही टोकांनी काढून ३ च्या जागी आणि ३ ची ४ च्या जागी लावावी; प्रत्येक वायरीचे कॉईलकडील आणि प्लगकडील टोक एकाच क्रमांकाच्या जागी जोडले जाईल याची काळजी घ्यावी. मग २ आणि १ च्या वायरींचेही तसेच करावे. कोड पुसून घाटात किंवा उड्डाणपुलावर गाडी चालवावी. कोड १ आणि ४ कडे सरकले तर वायर दोषी, आणि २ व ३ वरच राहिले तर कॉईल किंवा ते दोन प्लग दोषी. वर सांगितल्याप्रमाणे मल्टिमीटरने चारही वायरी हलवत मोजल्या तर अनेकदा तेवढ्यातच निकाल लागतो.

आणखी दोन गोष्टी. नवा संच स्वस्त म्हणून तांब्याच्या तारेचा मिळाला असेल तर तो या गाडीला चालणार नाही, कारण त्याच्या विद्युत-खरखरीने सेन्सरचे संकेत बिघडू शकतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचाच संच घ्यावा. आणि इंजिनाचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर गाडी हळूच बाजूला घेऊन बंद करावी आणि टो करून न्यावी. त्या वेळी न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यात) जाऊन जळत असते. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळली, तर होणारा खर्च कॉईलच्या डबीपेक्षा कितीतरी जास्त असेल.